भूगोल शिकून पुढे काय?

मुलाने वा मुलीने ‘मी भूगोल घेऊन पदवी घेणार’ असे घरात सांगितले, म्हणजे वडीलमंडळींच्या तोंडून हटकून एकच प्रश्न निघतो : “ठीक आहे; पण मास्तरकीवाचून पुढे काय?” हा प्रश्न हेटाळणीचा समजून त्याकडे पाठ फिरविण्याची चाल आम्हा भूगोलवाल्यांत आहे. मला ती मान्य नाही. तीन-चार वर्षांची फी, परगावच्या खोलीचे भाडे आणि या दोहोंहून मोलाची अशी ऐन उमेदीची वर्षे ज्या घरातून जावयाची, त्या घरास हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचेच उत्तर देण्याचे मी आज योजिले आहे; आणि ते हवेत राहू नये म्हणून एक गाव आपणांपुढे ठेवतो. ते गाव म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील वसमत.

वसमत हे तालुक्याचे गाव. पूर्णा-अकोला लोहमार्गावरचे. कापूस, ऊस आणि हळद यांच्या व्यापारावर वाढलेले. मुंबई-पुण्याच्या दृष्टीने आडबाजूचे. अशा ठिकाणी भूगोलाच्या विद्येस काही काम असेल, ही कल्पनाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या एका तालुक्याच्या आसपास जे घडले ते पाहिले, तर या विद्येचे काम येथे किती दारांनी आत आले आहे हे ध्यानात येते.

प्रथम हळदच घेऊ. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन ज्या कायद्याने मिळते तो १९९९ चा. त्या कायद्याप्रमाणे अर्ज करणाऱ्याने नुसते ‘आमचा माल उत्तम’ एवढे म्हणून भागत नाही. तो माल ज्या प्रदेशात होतो त्याचा नकाशा अर्जाबरोबर जोडावा लागतो. आणि त्या मालाचे गुण तेथील भूमी, हवा व माणसांचे कसब यांच्याशी कसे निगडित आहेत, हे मांडून दाखवावे लागते. कोणत्या गावापर्यंत ही हळद ‘वसमतची’ आणि कोणत्या शिवारापलीकडे ती नव्हे, हे ठरविणारी रेषा कागदावर कोणीतरी ओढावी लागते. ती रेषा चुकली, तर एखाद्या गावचा शेतकरी त्या नावाच्या लाभास मुकावयाचा. आता ही रेषा ओढणे भूगोल नव्हे, तर दुसरे काय आहे?

दुसरे उदाहरण पाण्याचे. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात उभी राहिली आणि सिद्धेश्वराच्या कालव्याने या भागातील शेतीचे रूप पालटले. कालव्याची रेषा जमिनीच्या चढउताराने ठरते. पण पाणी आल्यावर ते कोठे मुरते, कोठे साचून जमीन चिबड करते, आणि शेवटच्या चारीवरील शेतकऱ्यापर्यंत ते का पोहोचत नाही, हे प्रश्न धरण बांधून झाल्यावर सुरू होतात. ते पन्नास वर्षे पुरतात.

तिसरे, भूमीच्या पोटातले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि त्याच्या भोवतालच्या गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षांपासून परिचयाचे आहेत. २१ मार्च २०२४ रोजी, आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी, हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले व ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस जे झाले ते ज्यांनी पाहिले वा ऐकले आहे, त्यांस असा धक्का बसल्यावर रात्र अंगणात का काढावीशी वाटते, हे निराळे सांगावयास नको. आणि मौज अशी, की याच जिल्ह्यात, वसमतच्या शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपयांची मान्यता दिली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म अशी हालचाल त्यांत मोजावयाची! तिच्यासाठी सपाट आणि शांत अशी जागा हवी होती. रेल्वे, मोठे रस्ते, कारखाने यांची थरथर तेथपर्यंत पोहोचता कामा नये. देशातील अनेक जागा तपासून ही जागा निवडण्यात आली. जागा निवडणे हाच एक मोठा भौगोलिक अभ्यास होता.

चौथे उदाहरण मला स्वतःला सर्वांत आवडते, कारण ते अगदी साधे आहे. १९९१ च्या जनगणनेत वसमत परभणी जिल्ह्यात आहे. २००१ च्या जनगणनेत ते हिंगोली जिल्ह्यात आहे. गाव जागचे हलले नाही. १ मे १९९९ रोजी नवा जिल्हा झाला, इतकेच. पण आता परभणी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत किती वाढली, असे कोणी विचारील तर नुसते दोन आकडे वजा करून चालणार नाही. कोणता तालुका कोठे गेला, कोणते गाव कोणत्या तालुक्यात मोडले, हे नकाशावर बसवून मगच उत्तर देता येईल. त्यातच या गावाचे नाव रेल्वेच्या पाटीवर एक, जुन्या दप्तरात दुसरे, आणि लोकांच्या तोंडी तिसरे. ‘बसमत’, ‘बसमथ’, ‘वसमत’, ‘वसमतनगर’ ही चार गावे नव्हेत, एकच आहे, हे यंत्राला कोणीतरी सांगावेच लागते.

एवढे ऐकून कोणास वाटेल, की मग भूगोलाच्या पदवीधरास वसमतीत कामाचा तोटा नसावा. येथेच खरी मेख आहे, आणि आजच्या भाषणाचे मुख्य सांगणे तेच आहे. काम भूगोलाचे आहे. पण त्या कामाच्या दारावरील पाटी भूगोलाची नाही. आणि त्या दारात जो दाखला मागतात, तोही पुष्कळदा भूगोलाचा नसतो.

एक प्रत्यक्ष दाखला देतो. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाची जागा असते. शेताच्या हद्दी मोजणे, नकाशा तयार करणे, आजकाल उपग्रहाशी जोडलेल्या रोव्हर यंत्राने बिंदू घेणे, हे त्याचे काम. ऐकणाऱ्यास वाटेल, हे तर भूगोलाच्या पदवीधराचे हक्काचे स्थान! परंतु अलीकडच्या जाहिरातींतील पात्रतेची ओळ वाचा. तेथे स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका मागितली आहे; अथवा दहावी होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सर्वेक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. म्हणजे दहावीनंतर दोन वर्षे आय.टी.आय.मध्ये काढलेला मुलगा या जागेस पात्र. आणि बारावीनंतर तीन वर्षे भूगोल शिकून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली त्याची बहीण अपात्र. नगररचना खात्यातील रचना सहायकाच्या जागेची गोष्ट अशीच : तेथे स्थापत्य किंवा वास्तुशास्त्राची पदविका लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिकाची जागा निघते, तिला भूगर्भशास्त्राची पदवी लागते. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायकाच्या जागेसाठी पदार्थविज्ञान, संगणक किंवा तत्सम विषय हवा. पाऊस, पाणी, जमीन आणि नगर; चारही भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील प्रकरणे, आणि चारही ठिकाणी कोऱ्या भूगोलाच्या पदवीला दार बंद.

हे योग्य आहे असे मी म्हणत नाही. सर्वेक्षण शिकविणाऱ्या विद्यापीठाच्या पदवीस सर्वेक्षणाच्या जागेत मान नसावा, ही गोष्ट विद्यापीठांनी आणि सरकारने एकत्र बसून केव्हाच सुधारावयास हवी होती. पण ती सुधारेपर्यंत आपल्या मुलाने वाट पाहावी असे कोणी सांगत असेल, तर ते ऐकू नये. जाहिरातीतील पात्रतेची ओळ पदवी घेतल्यानंतर वाचण्याची नसते, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी वाचण्याची असते.

इतिहासात डोकावले तर ही अवस्था आजचीच नाही, असे दिसते. भारताची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासेजवळ विल्यम लॅम्बटन याने आरंभिली. ती मोजणीची रेषा बीदरच्या बाजूने निझामाच्या मुलखातून वऱ्हाडाकडे सरकत गेली. म्हणजे वसमतपासून काही फार दूरची नव्हे. हैदराबादहून नागपुराकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे याच मोजणीत १८३१ साली राधानाथ सिकदर नावाचा बंगाली तरुण गणकाच्या हुद्द्यावर लागला, आणि जगातील सर्वांत उंच शिखराची उंची त्याच्या गणिताने सिद्ध झाली. या दोघांपैकी ‘भूगोलतज्ज्ञ’ म्हणून कोणाचीच नेमणूक झालेली नव्हती. एक पलटणीतला अधिकारी. दुसरा हिंदू कॉलेजात शिकलेला गणिती. भूगोलास नेहमी दुसऱ्या एका कसबाचा हात धरूनच बाहेर पडावे लागले आहे. गणित म्हणा, चित्रकला म्हणा, आज संगणक म्हणा.

आता मास्तरकीविषयी. ती हिणकस समजण्याचे काहीच कारण नाही; परंतु तिचा मार्ग आज सरळ राहिलेला नाही हेही लपवू नये. माध्यमिक शाळेसाठी बी. एड., मग अभियोग्यता चाचणी, मग ‘पवित्र’ या संकेतस्थळावरील भरतीची प्रतीक्षा. महाविद्यालयासाठी एम. ए. अथवा एम. एस्सी., त्यावर ‘नेट’ किंवा ‘सेट’, पुष्कळदा पीएच. डी.; आणि एवढे करून कित्येकांच्या वाट्यास वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावरील नेमणूक येते. तासांवर पगार, सुट्टीत तोही नाही. शाळांतून भूगोल हा इतिहासाच्या शिक्षकाकडेच जोडून देण्याची पद्धत असल्यामुळे जागाही बेताच्या. दहावीस या विषयाचे गुण चाळीस. आणि २०२० साली महामारीमुळे दहावीची परीक्षा अर्ध्यावर थांबली तेव्हा शेवटी राहिलेला पेपर भूगोलाचाच होता, तो रद्द करून सरासरीने गुण देण्यात आले. मुलांना आनंद झाला असेल. विषयाची आपल्याकडे काय पत आहे, ते मात्र त्यातून नकळत बाहेर पडले. ज्यास शिकविण्याची खरी ओढ आहे त्याने या मार्गाने अवश्य जावे. ज्यास दुसरे काही सुचत नाही म्हणून जावयाचे आहे, त्याने मात्र दहा वर्षांचा हिशेब मांडून मग जावे.

स्पर्धापरीक्षांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय आहे, सामान्य अध्ययनातही तो येतो. त्यामुळे भूगोलाच्या विद्यार्थ्यास थोडी आघाडी मिळते, हे खरे. पण ती आघाडी म्हणजे नोकरी नव्हे. पुण्याच्या अभ्यासिकेत पंचविशी-तिशी घालविणारे किती तरी भूगोलाचे पदवीधर आहेत. या मार्गास एक मर्यादा घरातच ठरवून द्यावी, एवढेच माझे म्हणणे.

मग दारे उघडी कोठे आहेत? सर्वांत मोठे दार नकाशाचे, आणि ते अलीकडेच रुंद झाले आहे. फेब्रुवारी २०२१ पर्यंत आपल्या देशात तपशीलवार नकाशे तयार करण्यावर परवानग्यांची मोठी बंधने होती. त्या महिन्यात ती पुष्कळ सैल करण्यात आली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण जाहीर झाले. त्यापूर्वीच, एप्रिल २०२० मध्ये, ‘स्वामित्व’ योजनेने गावोगावच्या गावठाणांवर ड्रोन उडू लागले होते. आपल्या महाराष्ट्रात तर पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे त्याआधीच हा प्रयोग झाला होता. ड्रोन छायाचित्र घेतो. पण कोणते छप्पर कोणाचे, पायवाट खाजगी की सार्वजनिक, ओटा घरात धरावयाचा की रस्त्यात, हे माणसासच ठरवावे लागते. हे काम करणाऱ्या खाजगी पेढ्या पुण्यात व हैदराबादेत आहेत. शासनाच्या बाजूस नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून आहे. हैदराबादेस राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आहे. कोलकात्यास १९५६ साली एस. पी. चटर्जी यांनी उभी केलेली राष्ट्रीय नकाशा संस्था आहे. वसमतच्या माणसास हैदराबाद परके नाही; १९५६ पर्यंत त्याची राजधानीच ती होती.

या क्षेत्रातील कष्टाची बाजूही सांगितली पाहिजे. आरंभी जे काम मिळते ते बहुधा पडद्यावरील छायाचित्रातील रस्ते, विहिरी, बांध यांवरून दिवसभर रेषा गिरविण्याचे. पगार थोडा, डोळ्यांस ताण, नेमणूक पुष्कळदा कंत्राटी. जो तेथेच थांबला तो कारकून राहिला. वर जातो तो ज्यास त्या रेषांमागील गणित आणि संगणकास आज्ञा देण्याची भाषा येते, आणि शिवाय शेतात जाऊन ‘ही विहीर नव्हे, हा शेततळ्याचा खड्डा आहे’ असे खात्रीने सांगता येते. ही शेवटची गोष्ट अभियंत्यांच्या मुलांस सहसा येत नाही. भूगोलवाल्याचे भांडवल तेच.

आणि हे कसब शिकावयास मोठा खर्च येत नाही. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून हे शिक्षण देते. २००७ पासून ती दूरस्थ पद्धतीने छोटे अभ्यासक्रमही चालवीत आली आहे, आणि त्यांतील बहुतेकांस शुल्क नाही. नकाशे करण्याची ‘क्यूजीआयएस’ ही संगणकीय प्रणाली फुकट मिळते. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ सर्वांस खुले आहे. घरात एक संगणक आणि बरे इंटरनेट असले म्हणजे वसमतचा विद्यार्थी पुण्याच्या विद्यार्थ्याच्या मागे राहण्याचे कारण उरत नाही. मागे राहतो तो महाविद्यालयातील प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून काढतो म्हणून. ज्याने प्लेन टेबल मांडून एकदाही आपल्याच कॉलेजचे मैदान मोजलेले नाही, त्यास मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच घाम फुटतो.

दुसरे दार पाण्याचे. भूजल यंत्रणेतील जागा भूगर्भशास्त्राच्या पदवीधरास मिळते हे मी सांगितलेच. परंतु पाणलोटाचे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था व शासकीय प्रकल्प यांत भूगोलाच्या एम. ए., एम. एस्सी. झालेल्यांस जागा मिळतात. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोली जिल्ह्यातील गावेही आली, आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची कल्पना त्यामुळे खेड्यापर्यंत पोहोचली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती, पिकांनी किती घेतला, हा जमाखर्च गावकऱ्यांपुढे मांडावयाचा. आणि ऊस कमी लावा असे सांगितल्यावर उठणारा गलका शांतपणे ऐकून घ्यावयाचा. यास विद्या लागते तितकाच स्वभावही लागतो.

तिसरे दार नियोजनाचे. भूगोलात एम. ए. केल्यावर दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयासारख्या संस्थांतून नियोजनाची पदव्युत्तर पदवी घेता येते. ती घेतली म्हणजे मघाशी बंद दिसलेल्या नगररचनेच्या क्षेत्रात वरच्या मजल्यावरून प्रवेश होतो. वेळ लागतो, पैसाही लागतो. ज्या घरास हे झेपेल त्याने विचार करावा. आपत्ती व्यवस्थापनाचेही तसेच. २००५ च्या कायद्यानंतर प्रत्येक जिल्ह्यास त्याचे प्राधिकरण झाले, आणि पांगरा शिंद्यासारख्या गावात धक्क्यानंतर कोणी जावयाचे, कोणती घरे मातीची, कोणती पत्र्याची, शाळा कोठे भरवावयाची, याची माहिती धक्का बसण्यापूर्वी नकाशावर असणे हे तेथील काम होय.

जनगणनेचा उल्लेख मघाशी आला. २०२१ साली व्हावयाची जनगणना लांबली, आणि तिची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ठरविण्यात आली. जनगणनेच्या खात्यात नकाशांचा स्वतंत्र विभाग आहे. सरकारी नोकरीत ‘भूगोलवेत्ता’ ही पाटी जेथे खरोखर आढळते अशा फार थोड्या जागांपैकी ती एक. जागा मोजक्या, जाहिरात क्वचित. पण भूगोलाच्या विद्यार्थ्यास तिची वार्तासुद्धा नसते, म्हणून सांगितले.

मुलींविषयी एक शब्द निराळा बोलतो. ‘उन्हातान्हात मोजणीला मुलगी कशी जाणार?’ असे म्हणून पुष्कळ घरांत हा विषय मिटतो. हे म्हणणे वसमतीतच होते असे नाही. अमेरिकेत मेरी थार्प नावाची नकाशाकार होती. स्त्रीला संशोधननौकेवर घेत नाहीत म्हणून ती कार्यालयात बसून इतरांनी आणलेले समुद्रतळाच्या खोलीचे आकडे कागदावर उतरवीत असे. त्या आकड्यांतून १९५० च्या दशकाच्या आरंभी अटलांटिक महासागराच्या तळाशी डोंगररांगेच्या मध्यातून गेलेली दरी तिला दिसली. आणि खंडे सरकतात या कल्पनेस त्यातून मोठा आधार मिळाला. तिच्यापाशी भूगर्भशास्त्र आणि गणित या दोहोंच्या पदव्या होत्या. आपल्या मुलींना नौकेवर जाण्याची बंदी आता कोणी केलेली नाही. बंदी असलीच तर घरातून असते.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. भूगोलाबरोबर संख्याशास्त्र किंवा संगणक घेता येतो काय? प्रात्यक्षिकाची यंत्रे कपाटात आहेत की मैदानात जातात? आणि गेल्या पाच वर्षांत या विभागातून बाहेर पडलेली मुले आज कोठे आहेत? तिसऱ्या प्रश्नास उत्तर मिळाले नाही तर त्याच गावच्या आय.टी.आय.मध्येही एक फेरी मारावी. दोन वर्षांचा सर्वेक्षकाचा दाखला आधी हातात घेऊन मागाहून बाहेरून भूगोलाची पदवी घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि शेताच्या बांधावर दुर्बीण लावून उभा राहिलेला मुलगा भूगोलाचे पुस्तक जरा निराळ्याच आवडीने वाचतो.